पाच सेंटिमीटर पाण्याचा आधार

दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ कण्हत श्वास घेऊ लागलं, त्याची छाती आत ओढली जाऊ लागली, की त्याला ताबडतोब ठाण्या-मुंबईला हलवावं आणि कुठेतरी व्हेंटिलेटर मिळवावा, असं बहुतेकांना वाटतं. भिवंडीसारख्या ठिकाणी तर ही वाट ठरलेलीच वाटते. 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर वस्ती असलेलं, यंत्रमाग आणि गोदामांवर पोट भरणारं हे शहर. इथल्या गरिबाचा सरकारी आधार म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. माझं म्हणणं असं, की यांतल्या पुष्कळ बाळांना आधी हवा असतो तो व्हेंटिलेटर नव्हे, सीपॅप, म्हणजे नाकावाटे सतत मिळणारा हवेचा हलका दाब. आणि बाळ जिथे जन्मलं तिथेच, पहिल्या काही तासांत तो मिळायला हवा.

फुप्फुसांतले हवेचे बारीक कप्पे श्वास सोडल्यावर मिटू नयेत, म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट या द्रव्याचा पातळ थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला साधारण चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्याआधी आलेल्या बाळाचे कप्पे ओल्या प्लॅस्टिक पिशवीच्या बाजूंसारखे एकमेकांना चिकटतात, आणि दर श्वासाला ते सोडवता सोडवता बाळ थकून जातं. ही उणीव मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्ये दाखवून दिली. तरीही ऑगस्ट 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांत गेला. सत्ता आणि पैसा हाताशी होता, उपाय नव्हता. तो 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी मांडला. बाळ स्वतः श्वास घेत असेल, तर हवेचा हलका दाब सतत चालू ठेवायचा, म्हणजे कप्पे मिटणारच नाहीत. त्यांच्या पहिल्या 20 अत्यवस्थ बाळांपैकी 16 वाचली. बबल सीपॅपमध्ये तर हा दाब राखायला महाग यंत्रणाही लागत नाही. नाकातल्या मऊ नळ्यांतून ऊबदार, दमट हवा आणि ऑक्सिजन जातो. बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवलं, की तेवढाच दाब फुप्फुसांत टिकतो. घशात नळी घालावी लागत नाही.

मोठ्या माणसांनाही हाच दाब उपयोगी पडतो. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णांवर तो वापरला. असा रुग्ण दिवसा पेंगतो, हे रात्रंदिवस ट्रकांची ये-जा असलेल्या शहराने विशेष लक्षात घ्यावं. हृदय कमकुवत होऊन फुप्फुसांत पाणी भरलं तर सीपॅपने धाप कमी होते. कोविडमध्ये ब्रिटनच्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या ऑक्सिजनपेक्षा सीपॅप घेतलेल्यांवर घशात नळी घालण्याची किंवा मृत्यूची वेळ कमी आली. पण सर्वांत निकडीची गरज नवजातांचीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अंदाजानुसार अपुऱ्या दिवसांची सर्वाधिक बाळं, सुमारे 30 लाख, भारतात जन्मली.

‘छोट्या रुग्णालयाने हे धाडस करूच नये, बाळाला वर पाठवावं,’ असा आक्षेप येतो. त्यामागची काळजी खरी आहे. पण ठाणे नकाशावर जवळ असलं तरी भिवंडीच्या वाहतुकीतून निघालेल्या बाळाला तो वेळ परवडतोच असं नाही. वाटेत ते गार पडतं, थकतं, आणि पोचेपर्यंत खरोखरच व्हेंटिलेटरची पाळी येते. पलीकडच्या मोठ्या रुग्णालयांवर काय ताण असतो, तेही आपण पाहिलं आहे. ऑगस्ट 2023 मध्ये ठाण्यातल्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात 18 रुग्ण दगावले. त्यांचे आजार निरनिराळे होते, पण जिल्हाभरातून अत्यवस्थ रुग्ण एकाच दाराशी येत राहिले तर काय होतं, हे त्या दिवसाने दाखवलं.

दुसरा आक्षेप, छोट्या रुग्णालयात सीपॅपने उलट नुकसानच होईल हा, अधिक वजनदार आहे, आणि तो आकडेवारीतूनच येतो. ढाक्यात न्यूमोनियाने गंभीर झालेल्या मुलांवर बबल सीपॅप वापरला गेला, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. त्या गटात मृत्यूचं प्रमाण 4 टक्के राहिलं, साध्या ऑक्सिजनच्या गटात 15 टक्के. मग 2019 मध्ये आफ्रिकेतल्या मलावीचे निष्कर्ष आले आणि चित्र उलटलं. तिथल्या जिल्हा रुग्णालयात सीपॅपवरची 17 टक्के मुलं गेली, साध्या ऑक्सिजनवरची 11 टक्के. मुलांची अवस्था सारखी नव्हती, मलावीतल्या अनेकांना एचआयव्ही किंवा कुपोषण होतं, हे खरं. पण ढाक्यात डॉक्टरांचं सतत लक्ष होतं आणि मलावीत रोजची डॉक्टरची फेरीसुद्धा नव्हती, हा फरक मला निर्णायक वाटतो. दाब जास्त झाला तर फुप्फुसाला छिद्र पडतं, पोट हवेने फुगतं, घट्ट नळ्यांनी नाकाची त्वचा सोलते. शुद्ध ऑक्सिजन बेसुमार दिला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची दृष्टी जाऊ शकते. हे सगळं वेळेवर टिपणारे डोळे सिस्टरचे असतात.

म्हणून सीपॅप स्वस्त आहे हे विधान अर्धंच खरं आहे. बाटली आणि नळ्या स्वस्त आहेत. रात्रपाळीला तीन-चार बाळांमागे एक शिकलेली सिस्टर स्वस्त नाही. तिला तयार करायला महिने लागतात, आणि दुसऱ्या वॉर्डात तिची बदली झाली की ते शिक्षण वाया जातं. भिवंडीसाठी मागणी करायची तर आधी हिची करावी, मग हवा-ऑक्सिजनचं प्रमाण जुळवणाऱ्या ब्लेंडरची, पल्स ऑक्सिमीटरची आणि वीज गेली तरी कॉम्प्रेसर चालू ठेवणाऱ्या जनरेटरची. काही बाळांना एवढं करूनही कळव्याला किंवा मुंबईला न्यावंच लागेल. त्यांच्यासाठी रस्ताभर हा दाब चालू ठेवणारी रुग्णवाहिका हवी, आणि तिच्यात तो सांभाळणारी सिस्टरही.