उशिरा झोपलो की उशिरा उठलो?

सकाळच्या व्हिडिओ मीटिंगला पुण्याहून कुणी उशिरा हजर झालं आणि म्हणालं, ‘सॉरी, आय स्लेप्ट लेट’. त्याला सांगायचं असतं, की रात्री झोपायलाच उशीर झाला. पलीकडचा अमेरिकन साहेब मात्र बहुधा समजतो, की हा उन्हं अंगावर येईपर्यंत घोरत होता. सबब सांगायला जावं आणि गुन्हा कबूल करून बसावं, तसला हा प्रकार.

घोळ आपल्या ‘झोपणे’चा आहे. ‘मी दहाला झोपलो’ म्हणताना आपण अंथरुणावर पडण्याची वेळ सांगतो. इंग्रजीत त्यासाठी ‘गो टु बेड’ आहे. ‘स्लीप’ म्हणजे मुख्यतः झोपेत असणं. म्हणून ‘स्लीप लेट’ म्हणजे सहसा उशिरापर्यंत झोपून राहणं.

त्यातही हेतू महत्त्वाचा. गजर ऐकूच आला नाही, गाडी चुकली, तर ‘ओव्हरस्लेप्ट’. सुट्टी बघून मुद्दाम ताणून दिली, तर अमेरिकेत ‘स्लेप्ट इन’. स्कॉटलंडमध्ये मात्र हेच ‘स्लेप्ट इन’ जाग न आल्याची कबुली म्हणून चालतं. आपला ‘सूर्यवंशी’ हा भेद करत नाही. तो सरसकट टोमणा आहे.

ब्रिटनचा लाडका शब्द ‘लाय-इन’. यात झोप लागलीच पाहिजे असं नाही, नुसतं लोळलं तरी चालतं. त्याला ‘लाइंग-इन’ समजू नका, ती बाळंतिणीची विश्रांती. बार्थोलोम्यू मॉस यांनी १७४५ साली डब्लिनमध्ये काढलेलं प्रसूतिगृह ‘लाइंग-इन हॉस्पिटल’ होतं. तेच आजचं रोटुंडा.

झोपेच्या अभ्यासकांना या लोळण्यात वेगळंच काही दिसतं. म्युनिकचे टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्यासाठी ‘सोशल जेटलॅग’ ही संज्ञा मांडली. कामाच्या दिवशी झोप बारा ते सहा, म्हणजे मध्य तीनला. सुट्टीत दोन ते दहा, म्हणजे मध्य सहाला. विमानात न बसताच शरीर तीन तास सरकलं. सोमवारची मरगळ निव्वळ आळस नसते, हे आयांना कोण सांगणार!

ब्रिटिश घरांत लहान मुलं आली, की लाय-इन वाटून घ्यावा लागतो. शनिवारी आई लोळणार, बाबा पोरांना दूध-नाश्ता देणार, रविवारी उलट. भांडण होतं ते पाळी कुणाची होती यावरून.