फ्लॅव्होनॉइडे : कर्करोगविरोधी गुणधर्म
फ्लॅव्होनॉइडे ही वनस्पतींत विपुलतेने आढळणारी पॉलिफिनॉल वर्गातील संयुगे होत. त्यांच्या मूळ सांगाड्यात १५ कार्बन अणू असून दोन बेंझीन वलये तीन कार्बन अणूंच्या दुव्याने जोडलेली असतात. बहुतेक संयुगांत या दुव्यापासून ऑक्सिजनयुक्त तिसरे वलय बनते. निसर्गातील सहा हजारांहून अधिक फ्लॅव्होनॉइडे ज्ञात आहेत. कांद्यातील क्वेर्सेटीन, सोयाबीनमधील जेनिस्टीन, चहातील एपिगॅलोकॅटेचीन गॅलेट व जांभळास रंग देणारी अँथोसायनिने ही त्यांची परिचित उदाहरणे होत. जंबुपार किरणांपासून संरक्षण, रोगकारकांचा प्रतिकार व फुलांना रंग देणे ही त्यांची वनस्पतींतील प्रमुख कार्ये होत. सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टीन (अल्कलॉइड) व हळदीतील कुर्क्युमीन ही संयुगे या गटात मोडत नाहीत.

क्रिया : कर्करोगात कोशिकांच्या विभाजनावरील नियंत्रण सुटते व सदोष कोशिकांचा नियोजित मृत्यू घडत नाही. परीक्षानलिकेत वाढविलेल्या कर्ककोशिकांवर अनेक फ्लॅव्होनॉइडे या दोन्ही ठिकाणी परिणाम करतात. जेनिस्टीन हे टायरोसीन कायनेज या एंझाइमांना (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना) रोधते, असे १९८७ मध्ये दाखविण्यात आले. विभाजनाचे संदेश कोशिकेत पुढे नेण्याचे कार्य ही एंझाइमे करतात.

मर्यादा : परीक्षानलिकेतील परिणामावरून रोगनिवारणाचा निष्कर्ष काढता येत नाही. आहारातून आलेल्या फ्लॅव्होनॉइडांचे आतडे व यकृत यांत ग्लुकुरॉनिक अम्ल किंवा सल्फेट यांच्याशी संयोग होऊन रूपांतर होते व ती लवकर उत्सर्जित होतात. त्यामुळे प्रयोगात वापरलेल्या संहतीपेक्षा रक्तातील मूळ संयुगाची संहती सामान्यतः पुष्कळच कमी राहते. नेदर्लंड्समधील झुटफेन येथील वृद्ध पुरुषांच्या पाहणीत आहारातील फ्लॅव्होनॉइडांचे जास्त प्रमाण व हृद्‌रोगाने येणारा मृत्यू कमी असणे यांचा संबंध दिसला (१९९३). परंतु कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंशी असा संबंध आढळला नाही (१९९४). शिवाय ही संयुगे सर्वथा निरुपद्रवी आहेत, असेही मानता येत नाही. क्वेर्सेटीन दिलेल्या उंदरांना आतड्याचा व मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. इतर प्रयोगांत त्यास पुष्टी मिळाली नाही व १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्वेर्सेटीनचा समावेश ‘मानवातील कर्करोगजनकतेबाबत वर्गीकरण करता येत नाही’ अशा पदार्थांत केला.

वनस्पतीपासून औषधाकडे : पश्चिम घाट व ईशान्य भारत येथे आढळणाऱ्या डायसॉक्सिलम बायनेक्टॅरिफेरम या निंब कुलातील वृक्षात रोहितुकीन हे अल्कलॉइड असते. मुंबई येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात त्याचा अभ्यास झाला. रोहितुकिनात फ्लॅव्होनॉइडांचे एक वलय नसते. त्याच्या मिथिल गटाच्या जागी क्लोरीनयुक्त फिनिल वलय असलेले फ्लॅव्होपिरिडॉल हे फ्लॅव्होन येथे संश्लेषणाने तयार करण्यात आले. कोशिकाचक्राचे नियमन करणाऱ्या सायक्लीन-अवलंबी कायनेजांना ते रोधते. या प्रकारच्या रोधकांपैकी मानवी चाचण्यांत दाखल झालेले हे पहिले संयुग होय. रक्तातील प्रथिनांशी ते मोठ्या प्रमाणात बद्ध होत असल्याने योग्य मात्रा ठरविणे अवघड गेले. काही ल्युकेमिया रुग्णांत ते इतके प्रभावी ठरले की, कर्ककोशिका एकदम फुटून रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेट यांचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढले. पुढे त्यास ॲल्व्होसिडिब हे नाव मिळाले. तथापि अमेरिकेत त्याला विक्रीची मान्यता मिळाली नाही. चीनमध्ये मात्र एपिमेडियम वनस्पतीशी संबंधित इकॅरिटीन या फ्लॅव्होनॉइडास वाढलेल्या अवस्थेतील यकृताच्या कर्करोगासाठी २०२२ मध्ये सशर्त मान्यता देण्यात आली.

रुग्णांच्या दृष्टीने : भाज्या, फळे व चहा यांच्या नेहमीच्या सेवनाहून शुद्ध संयुगांच्या गोळ्या किंवा तीव्र अर्क यांचे सेवन भिन्न होय. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतील कर्करोगावर बोर्टेझोमिब हे बोरॉनयुक्त औषध देतात. एपिगॅलोकॅटेचीन गॅलेट त्याच्या बोरॉनयुक्त भागाशी बद्ध होऊन त्याची क्रिया निष्फळ करते, असे कोशिकांवरील व उंदरांवरील प्रयोगांत २००९ मध्ये आढळले. जेनिस्टिनाची क्रिया काही अंशी ईस्ट्रोजेन हॉर्मोनासारखी असून, विशिष्ट स्तनकर्ककोशिकांचे रोपण केलेल्या उंदरांत त्याने अर्बुदांची वाढ झाल्याचेही दिसले आहे. म्हणून उपचार चालू असताना असे पदार्थ वैद्यांना सांगितल्यावाचून घेणे धोक्याचे ठरू शकते आणि त्यांच्या भरवशावर प्रस्थापित उपचार लांबणीवर टाकणे त्याहून घातक होय. फ्लॅव्होनॉइडांचे महत्त्व मुख्यतः नव्या औषधांच्या रेणूंचा आराखडा पुरविण्यात आहे; त्यांतील प्रत्येकाची उपयुक्तता मात्र रुग्णांवरील नियंत्रित चाचण्यांनीच ठरू शकते.