थंड इंजिनाची पहिली दोन मिनिटे

थंड इंजिन सुरू करताना होणारा आवाज हा काही व्याख्यानाचा विषय नव्हे, असे एका मित्राने आम्हांला बजावले होते. वसंत व्याख्यानमालेत संत झाले, इतिहास झाला, साहित्य झाले. आता गॅरेजही येणार काय, असा त्याचा सवाल. आमचे उत्तर असे की, देवगाव रंगारीसारख्या गावात ज्याच्या दारात मोटार नाही त्याचाही दिवस कोणाच्या तरी इंजिनावरच चालतो. कांदा लासूर स्टेशनला जातो तो इंजिनावर, मुले कन्नडला शिकायला जातात ती इंजिनावर, आणि अडलेली बाळंतीण रात्री संभाजीनगरला पोचते तीही इंजिनावरच. त्या इंजिनाने सकाळी तोंड उघडले की ते काय बोलते, हे समजून घेण्यात कमीपणा कसला?

आमचे स्वतःचे कारण आणखी वेगळे आहे. आमची हयात चालक, क्लीनर आणि फिटर यांच्या संघटनेत गेली. शाळा फारशी लाभली नाही. यंत्राविषयी जे कळते ते फिटर मंडळींच्या शेजारी उकिडवे बसून आणि जुन्या बाजारातली पुस्तके वाचून कळलेले. एवढ्या वर्षांत एक भांडण आम्ही पुन्हा पुन्हा सोडवावयास बसलो आहोत. इंजिन बसते. मालक म्हणतो, चालकाने बसविले. चालक म्हणतो, आवाज येत होता, मी सांगत होतो. ‘कसला आवाज?’ असे विचारले की चालक ‘असा… खडखड’ एवढेच म्हणतो, आणि त्याची बाजू तेथेच पडते. मग दुरुस्तीचे हप्ते त्याच्या पगारातून जातात. आवाजाला नाव देता येणे ही चालकाच्या दृष्टीने पोटाची गोष्ट आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. ‘थंड’ म्हणजे पौषातले थंड असा समज प्रथम सोडावा. चालू इंजिनातले पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापते. रात्रभर उभे राहिलेले इंजिन दहा अंशांवर असो की वैशाखातल्या तीस अंशांवर, यंत्राच्या हिशेबाने ते थंडच. हिवाळ्यात त्रास वाढतो हे खरे. कारण तेल अधिक दाट होते आणि बॅटरीची ताकद कमी पडते. परंतु पहाटेचा आवाज बारा महिन्यांचा आहे.

रात्रीत इंजिनात दोन गोष्टी घडतात. एक, वरच्या भागात चढलेले तेल हळूहळू खालच्या टाकीत उतरते. कॅम, टॅपेट, साखळी यांच्यावर पातळसा लेप तेवढा राहतो. सकाळी इंजिन फिरू लागले तरी पंपाने तेल वर पोचविण्यास काही क्षण लागतातच, आणि तेवढे क्षण लोखंड लोखंडाशी जवळजवळ कोरडे बोलते. दुसरी गोष्ट धातूंची. पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमचा, सिलिंडर पुष्कळदा बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ऐंशी मिलिमीटर व्यासाचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर सुमारे अठरा शतांश मिलिमीटर वाढतो. तेवढाच तापलेला बिडाचा सिलिंडर नऊ शतांशांच्या आसपास. म्हणून कारखान्यातच पिस्टन थोडा सैल ठेवावा लागतो. ही फट कागदाच्या जाडीएवढी असली तरी थंड इंजिनात पिस्टन तेवढ्यात डुलतो आणि भिंतीवर आपटतो. आवाज पोकळ, मातीच्या मडक्यावर बोट मारल्यासारखा. इंजिन तापले, पिस्टन फुगला, की नाहीसा. जुन्या गाडीत हा आवाज दोन-चार मिनिटे आला आणि गेला, तेल जळत नसेल, ओढ कमी झाली नसेल, तर इंजिन उघडण्याची घाई करू नये. अशा गाड्या पुढे वर्षानुवर्षे चालतात. मात्र महिन्यागणिक तो अधिक वेळ टिकू लागला तर बोअरची झीज वाढत आहे असे समजावे.

इंजिन पेट घेण्यापूर्वीही गाडी बोलते. किल्ली फिरवली आणि एकच ‘टक्’ झाले तर बॅटरीची जोडणी अथवा सेल्फचा सोलेनॉइड पाहावा. ‘टकटकटक’ अशी सरबत्ती झाली तर बॅटरी उतरलेली. सेल्फ नुसताच गरगरला आणि इंजिन जागचे हलले नाही तर त्याचा दाता फ्लायव्हीलच्या दात्यात बसत नाही. आणि ‘कर्र’ असे दळण ऐकू आले तर तो बसतो आहे, पण झिजून किंवा तिरका. येथे पुन्हा पुन्हा किल्ली मारणे म्हणजे दाते मोडून घेणे.

हा विजेचा सेल्फ १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीवर आला. चार्ल्स केटरिंगचे ते काम. त्यापूर्वी हँडल मारावे लागे. त्यात मनगटे मोडत, हे कोणी विसरू नये. पण हँडल मारणाऱ्याच्या हाताला इंजिनाचा जडपणा, कोरडेपणा आणि दाब आधीच समजत असे. सेल्फने हाताचे कष्ट वाचविले आणि हाताचे ज्ञानही नेले. उरला तो कान.

इंजिन सुरू झाल्यानंतरचे दोन-तीन सेकंद फार मोलाचे. त्या वेळी वरून बारीक ‘टिकटिक’ आली आणि तेल पोचताच थांबली, तर हायड्रॉलिक टॅपेटांत रात्री तेल उरले नव्हते, एवढाच अर्थ. पुढच्या बाजूने साखळी पत्र्यावर ओढल्यासारखी ‘खर्रर’ आली तर टायमिंगची साखळी सैल आहे. पुष्कळ गाड्यांत तिला ताण देणारा दट्ट्या तेलाच्या दाबावरच चालतो. दाब येईपर्यंत साखळी मोकळी. एक सेकंद वाजून थांबली तर नजर ठेवावी. पाच सेकंद वाजू लागली तर वाट पाहू नये. साखळीने दाता सोडला तर कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर जाऊन आपटतो, आणि मग शेकड्यांचे काम हजारांत जाते.

येथे स्वस्त तेल-फिल्टरची गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ फिल्टरांत आतून रबराची एक झडप असते. इंजिन बंद झाल्यावर तेल मागे उतरू नये म्हणून. हलक्या मालात ती लवकर कडक होते. मग रोज सकाळी फिल्टर रिकामा, रोज सकाळी खडखड, आणि मिस्त्री टॅपेट आवळून दमतो. आवाज नेमका मागच्या सर्व्हिसनंतर सुरू झाला काय, हा प्रश्न म्हणून पहिला विचारावा. दुसरा प्रश्न तेलाचा. डब्यावर ‘१५ डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे इंग्रजीतला हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते तेल थंडीत लवकर धावते. कंपनीने पुस्तकात पातळ तेल सांगितले असता ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून दाट तेल ओतणारे शहाणे आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांच्या गाड्या सकाळी जास्त वेळ कोरड्या फिरतात.

जुन्या, स्क्रूच्या टॅपेटांचे शास्त्र निराळे. त्यांत मुद्दाम फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची, आणि ती फिलर गेजने मोजावयाची. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर एक टॅपेट चारशे वेळा वाजेल, म्हणजे सेकंदाला सहा-सात. हा ठेका कानाला धरता येतो. पण सगळी टिकटिक बंद करण्याचा हट्ट धरू नये. थोडा वाजणारा टॅपेट परवडतो. फट संपल्यामुळे गप्प झालेला टॅपेट व्हॉल्व्ह पुरता बसू देत नाही, आणि तो व्हॉल्व्ह जळतो.

टॅपेटच्या नावावर खपणारा एक तोतया आहे, तो म्हणजे गळका एक्झॉस्ट. मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली असली की थंड असताना फटीतून ‘फट्‌फट्’ असा वारा सुटतो. लोखंड तापून फुगले की फट मिटते आणि आवाज जातो. लक्षणे सगळी टॅपेटसारखीच. पण जोडाजवळ काजळीचा काळा ओघळ दिसतो. तो ओघळ न पाहता हेड खोलणाऱ्या मिस्त्रीला काय म्हणावे!

पट्ट्याची किंचाळी सर्वांना ओळखू येते. सुरू होताच अल्टरनेटर रात्रीची तूट भरू लागतो, पट्ट्यावर भार येतो, दव असेल तर तो घसरतो. इंजिन चालू असता दुरून पट्ट्यावर पाण्याची पिचकारी मारावी. किंचाळी वाढली तर पट्टा सैल. क्षणभर थांबून परत आली तर पुली तिरकी. उपरण्याचा, ओढणीचा, सैल बाहीचा पदर तेथे जाऊ देऊ नये. आजच्या गाड्यांत रेडिएटरचा विजेचा पंखा न सांगता सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे.

डिझेलची सकाळ मुळातच कर्कश. थंड हवेत फवारलेले डिझेल पेटण्यास उशीर लावते. तोवर आणखी जमते आणि सगळे एकदम भडकते. काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांना हा ठोका अंगाईसारखा परिचित आहे. हीटर प्लग असलेल्या गाडीत दिवा विझेपर्यंत थांबले तर तो बराच कमी होतो. एकाच सिलिंडरचा ठोका आणि सोबत पांढरा धूर राहिला तर त्या सिलिंडरचा हीटर प्लग अथवा नोझल तपासावा.

पेट्रोल गाडीचा भाराखालचा ठोका हा वेगळा प्रकार. तो थंडीचा नव्हे. पण त्याची हकीकत कामगारांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. तो बंद करण्यासाठी याच केटरिंगच्या हाताखालच्या प्रयोगशाळेत १९२१ साली पेट्रोलात शिशाचे संयुग घालण्याची युक्ती निघाली. इंजिने गप्प झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे ते संयुग बनविणारे पाच कामगार विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही ते पेट्रोल विकले गेले. भारतात २००० सालापर्यंत, आणि शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ पर्यंत. आवाज बंद करणे आणि दुखणे बरे करणे यांत एवढे अंतर असू शकते.

आता ज्या आवाजाला भ्यावे तो. खालून येणारा, जड, गुदमरलेला ‘ढक्-ढक्’, जो तापल्यावर जात नाही, उलट तेल पातळ झाल्यावर वाढतो आणि चढावर घुमतो, तो बेअरिंगचा. सकाळी दाट तेल त्याला झाकून ठेवते, म्हणून तो फसवतो. असा ठोका घेऊन भरलेली पिकअप औट्रम घाटात घालणे म्हणजे कनेक्टिंग रॉड रस्त्यावर शोधण्याची तयारी ठेवणे. तसेच, सुरू झाल्यावर काही सेकंदांत तेलाचा लाल दिवा विझला नाही तर आवाज असो वा नसो, इंजिन तत्काळ बंद करावे.

दीर्घकाळ उभ्या गाडीविषयी दोन शब्द. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. कामगारांच्या संपात हजारो गाड्या आगारांत उभ्या होत्या. इतके महिने उभे राहिलेले इंजिन एकदम पेटवू नये. तेल पाहावे, डिझेल बंद ठेवून थांबत थांबत सेल्फने थोडे फिरवावे, तेल वर चढू द्यावे, मगच पेटवावे. आणि थंड इंजिन रेस करू नये, मग ते एका रात्रीचे असो की सहा महिन्यांचे. गाडी ‘गरम करण्यासाठी’ पाय दाबणारा चालक कोरड्या बेअरिंगावर सगळा जोर टाकत असतो. अर्धा-एक मिनिट थांबून सावकाश निघावे. बंद शटरमागे तर इंजिन कधीच चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि माणूस झोपेतच जातो.

ऐकावयाचे कसे? १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या वैद्याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली. त्यातून स्टेथोस्कोप आला. आमचे फिटर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवतात आणि टोक इंजिनाच्या अंगावर फिरवतात; विद्या तीच. जुन्या पेट्रोल गाडीत एकेका प्लगची वायर काढून ठोका कोठे कमी होतो ते पाहत. नव्या गाडीत हा प्रयोग करू नये. झटका जबर बसतो आणि धूर गाळणारा महागडा भागही बिघडतो. नव्या गाड्या किल्ली फिरवताच दोन सेकंद पेट्रोल पंपाची गुणगुण करतात आणि थंड असताना आपण होऊन जरा जास्त वेगाने फिरतात. तो रोग नव्हे.

आमच्या चालकांना आम्ही एक छोटी वही ठेवायला सांगतो. तीत पांडित्य नको. तारीख, गाडी किती तास उभी होती, आवाज वरून, पुढून की खालून, किती सेकंद टिकला, रेस वाढविता ठेका वाढला काय, तापल्यावर गेला काय, तेलाचा दिवा केव्हा विझला. ‘वरून टिकटिक, तीन सेकंद, दिवा विझताच बंद’ एवढी ओळ पुरे. ती मालकाला दाखवावी, आणि त्याची सही घ्यावी.