खुबा बदलल्यानंतरची पावलं

पालघर जिल्ह्यात बोईसरजवळच्या मुरबे गावात बाईचा निम्मा दिवस जमिनीलगत जातो. मासळी निवडायची ती उकिडवं बसून, विकायला बसायचं तेही पाटीमागे मांडी घालून. तिचा खुब्याचा सांधा बदलायचा ठरला की घरचे आधी विचारतात, चालेल कधी आणि खाली बसेल का? गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बरंच बदललं आहे.

आजच्या शस्त्रक्रियेचा पाया जॉन चार्नली यांनी इंग्लंडच्या रायटिंग्टन रुग्णालयात घातला. आधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि अनेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. नोव्हेंबर १९६२ पासून वापरलेली पॉलिथिलीनची वाटी मात्र टिकली. सांध्यापर्यंत पोचायला चार्नली मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून बाजूला करत आणि शेवटी तारेने बांधत. पाऊल टाकताना कमरेला सावरणारे स्नायू नेमके याच उंचवट्याला धरून असतात. ते हाड जुळेपर्यंत चालण्याची घाई चालत नसे.

मागून सांधा गाठला तर हे स्नायू शाबूत राहतात, म्हणून ही वाट जगभर रुळली. पण तिथून खुबा निखळण्याचा धोका जास्त. त्यातून नियम आले: खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बुटक्या पाटावर बसायचं नाही. मुरब्याच्या बाईला हे नियम म्हणजे रोजच्या कामावरच बंदी. आता कापलेले लहान स्नायू आणि सांध्याचं आवरण पुन्हा नीट शिवतात, त्यामुळे निखळणं बरंच कमी झालं आहे. तरी मांडी कधी घालायची, हे सर्जनला शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट विचारावं. रायटिंग्टनच्याच केविन हार्डिंज यांनी १९८२ मध्ये बाजूची वाट मांडली. तिच्यात निखळणं कमी, पण सावरणाऱ्या स्नायूंचा पुढचा भाग सोडवावा लागतो आणि काहींचं लंगडणं मागे राहतं.

समोरची वाट जुनीच. फ्रान्समध्ये जुदे यांनी ती १९४७ मध्येच वापरली होती, बोलबाला मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला. ती स्नायूंच्या फटीतून जाते. मेयो क्लिनिकने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत समोरून शस्त्रक्रिया झालेल्यांनी वॉकर साधारण दहा दिवसांत सोडला, मागून झालेल्यांनी चौदा-पंधरा. दोन महिन्यांनी दोघांच्या हालचालीत फरक उरला नाही. या वाटेचीही किंमत आहे. मांडीची बाहेरची कातडी बधिर होऊ शकते आणि सर्जनचा हात बसेपर्यंत हाडाला तडा जाण्याची भीती असते. म्हणून सर्जनला कोणती वाट सरावाची आहे, याला मी जास्त वजन देईन.

माझ्या मते मोठा पल्ला वेगळ्याच गोष्टीने गाठला. वेदना आणि रक्तस्राव आटोक्यात आले, आणि कोणत्याही वाटेने शस्त्रक्रिया झाली तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करू लागले. आपल्याकडे याचं मोल अधिक आहे, कारण इथे खुबा बदलणाऱ्यांत रक्तपुरवठा तुटून हाड मेलेले तरुणही पुष्कळ असतात. जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी कोविडमध्ये स्टेरॉइड घेतल्यावर असं झालेले तीन रुग्ण नोंदवले, तिघेही चाळिशीच्या आतले. मुंबईत शस्त्रक्रिया करून बोईसरला उतरणाऱ्या अशा कमावत्या माणसाला पुढचे काही महिने रोज व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट घराजवळ मिळायला हवा.