पथारीवरचा भाव

दसरा उलटला की नंदुरबार शहराबाहेरची जमीन लाल होऊ लागते. शेतकऱ्यांकडून घेतलेली ओली लाल मिरची व्यापारी उघड्या मैदानांवर पसरतात. या मैदानांना इथे पथारी म्हणतात. मिरची वाळते, बायका बसून देठ खुडतात, मग माल पूड कारखान्यांकडे आणि बाहेरगावी जातो. या धंद्यात मोबाइलने नेमके काय बदलले?

पैशांची देवघेव बदलली, हे उघड आहे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला, ऐन मिरचीच्या हंगामात, नोटाबंदी झाली. रोखीच्या बाजारांना खात्याकडे वळावेच लागले. पण सौद्यात कोणाचे चालते, हा प्रश्न निराळा.

इथे केरळचा दाखला हटकून दिला जातो. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास १९९७ ते २००१ या काळातल्या मासळी बाजाराचा आहे. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारू लागले आणि गिऱ्हाईक असेल त्या किनाऱ्याकडे होडी वळवू लागले. ठिकठिकाणच्या भावांतली तफावत घटली, मासळी फेकून देणे जवळपास थांबले. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, तर गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली.

माझ्या मते हा दाखला जरा जास्तच ताणला जातो. होडी वळवता येते. ओल्या मिरचीने भरलेला टेम्पो वळवायचा तर डिझेल कोणाच्या खिशातून? पोत्यात दाबलेली ओली मिरची तापते, काळी पडते, सडते. फोनवर गुंटूरचा भाव दिसतो, पण तो सुक्या मिरचीचा. शेतकऱ्याच्या हाती असते ओली, आणि ती वाळली की वजन तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. भाव कळला तरी थांबायची सोय नसेल, तर मिळेल त्या भावाला माल द्यावा लागतो. थांबू शकतो तो पथारीवाला.

तोही पुरता मोकळा नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी पावसाने पथाऱ्यांवरची मिरची भिजवली. पावसाचा इशारा फोनवर मिळाला, तरी मैदानभर ताडपत्र्या ओढायला माणसे लागतात, आणि झाकून ठेवलेल्या ओल्या मिरचीला बुरशी धरते.

मला त्यामुळे भाव सांगणाऱ्या ॲपपेक्षा २०१७ मध्ये सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती जास्त महत्त्वाची वाटते. नोंदणीकृत गोदामात माल ठेवला की पावती कागदाऐवजी, शेअरप्रमाणे, खात्यात जमा होते. ती तारण ठेवून बँकेकडून कर्ज काढता येते आणि पडत्या भावात विकण्याची घाई टळते. अडचण एवढीच, की साठवायची मिरची नीट वाळलेली हवी, तिच्यात ओलावा १० टक्क्यांच्या आसपासच चालतो. म्हणजे आधी शेतकऱ्यांच्या गटाकडे वाळवणीचे छप्पर हवे: वर पारदर्शक प्लास्टिक, खाली जाळीचे ओटे, चहूबाजूंनी वारा. त्याचा खर्च एका मोबाइलच्या कितीतरी पट आहे.