उत्तर १८, पूर्व ७२

२ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनच्या रानात एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंगचा खेळ असा सुरू झाला. त्यातला कोड्याचा प्रकार अधिक रंगतदार. आधी इतिहास खणायचा, मिळालेले आकडे रिकाम्या जागी भरायचे, मगच ठिकाण उलगडतं.

मुंबईत डबा लपवणं मात्र अवघड. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना लोकलमध्ये ऐकतच इथली माणसं मोठी झाली. कोपऱ्यात डबा दिसला की आधी पोलीस येतील. म्हणून इथे डब्याविना, नुसत्या जागेचंच कोडं बरं. आणि आकड्यांवर जगणाऱ्या मॅरेथॉनइतका चांगला विषय दुसरा कुठला?

तर मांडू या: उत्तर १८° ५६.कखग, पूर्व ७२° ५०.१घच.

क: माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१२ पासून ओळीने किती वेळा मुंबई मॅरेथॉनचं भारतीय महिलांमधलं विजेतेपद पटकावलं? ख: ४२.१९५ किलोमीटर हे अंतर ज्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावलं गेलं, त्या सालाचा शेवटचा अंक. ग: २००४ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीला टाटांचं नाव लागलं, त्या सालाचा शेवटचा अंक.

तीन, १९०८, २०१८. इथवरची उत्तरं मॅरेथॉनच्या शौकिनाला तोंडपाठ असतात. घच मात्र खणावं लागतं.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला, तो सर दोराबजी टाटांच्या खटपटीने. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी अनवाणी धावताना पाहून त्यांच्या मनाने हे घेतलं होतं. संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीचं अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिक मॅरेथॉनमधलं सर्वांत लांब. चौगुल्यांनी ते २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत कापलं आणि एकोणिसावे आले. तेच १९ म्हणजे घच.

आता भरा: १८° ५६.३८८, ७२° ५०.११९. हा बिंदू पडतो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर. मुंबई मॅरेथॉन इथूनच सुटते आणि मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, पेडर रोडचा चढ करत वरळीकडे जाते. टाटांचं जुनं एस्प्लनेड हाउसही इथून चालत जाण्याच्या अंतरावर.

अक्षांशाच्या एका मिनिटात सुमारे १.८५ किलोमीटर मावतात. म्हणजे ‘क’ एकाने चुकला तर माणूस १८५ मीटर भरकटतो. ‘च’ चुकला तर दोन मीटरही नाही. तेवढी चूक मोबाइलचं जीपीएस स्वतःच करतं. त्यामुळे चौगुले अठरावे की एकोणिसावे हे विसरलं तरी जागा सापडते. फक्त ती सापडली तरी मुंबईच्या मॅरेथॉनचा इतिहास २००४ मध्ये नव्हे, १९२० मध्ये बेळगाव-पुण्याच्या वाटेवर सुरू होतो, हे हाती लागत नाही. कोडं घालायचं ते याचसाठी.