पाचोडचा माणूस खासदार झाला. पण पाचोडचा खासदार कोण?

एक सोपा प्रश्न विचारतो, गुगल न करता उत्तर द्या. पाचोडचा खासदार कोण?

'संदीपान भुमरे' म्हणालात ना? उत्तर चुकलं. भुमरे पाचोडचे आहेत हे खरं आणि ते ४ जूनला खासदार झाले हेही खरं. पण ते निवडून आले औरंगाबाद मतदारसंघातून आणि पाचोड त्या मतदारसंघात येतच नाही. पाचोड येतं पैठण विधानसभा मतदारसंघात आणि पैठण जोडलंय जालना लोकसभेला. म्हणजे जिल्हा छत्रपती संभाजीनगर, तालुका पैठण आणि लोकसभा जालना! जालन्यातून निवडून आलेत काँग्रेसचे डॉ. कल्याण काळे. पाचोडचे खासदार ते.

हा काही घोटाळा नाही. देशातल्या कुठल्याही एका मतदारसंघाच्या यादीत नाव असलं, की लोकसभा लढवायला दुसरा मतदारसंघही चालतो. कायद्यातच तशी सोय आहे. प्रश्न एवढाच, की तुमचं निवेदन नेमकं कोणाच्या हातात द्यायचं, हे तुम्हाला माहीत आहे का?

ऊसाच्या स्लिपपासून दिल्लीपर्यंत

आधी आपल्या गावकऱ्याची गोष्ट. पैठणच्या संत एकनाथ सहकारी साखर कारखान्यात भुमरे 'स्लिप बॉय' म्हणून कामाला होते. पुढे ते त्याच कारखान्याचे चेअरमन झाले. पंचायत समितीतून राजकारण सुरू झालं आणि १९९५ मध्ये शिवसेनेच्या तिकिटावर पहिल्यांदा आमदारकी मिळाली. त्यानंतर १९९९, २००४, २०१४ आणि २०१९ असे एकूण पाच वेळा ते आमदार झाले. मधे २००९ ला राष्ट्रवादीच्या संजय वाघचौरे यांनी त्यांना पाडलं होतं. एकदा पडलेला माणूस पुन्हा दोनदा निवडून येतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये ते उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळात रोजगार हमी आणि फलोत्पादन खात्याचे मंत्री झाले. २०२२ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले, पुन्हा मंत्री झाले आणि जिल्ह्याचे पालकमंत्रीही झाले.

१३ मे रोजी झालेल्या मतदानात औरंगाबादची लढत तिरंगी होती. भुमरेंना ४,७६,१३० मतं पडली. एमआयएमचे मावळते खासदार इम्तियाज जलील यांना ३,४१,४८० आणि ठाकरे गटाचे चंद्रकांत खैरे यांना २,९३,४५०. फरक १,३४,६५० मतांचा. २०१९ ला याच मतदारसंघात जलील फक्त ४,४९२ मतांनी जिंकले होते, त्यामुळे हा आकडा आणखीच मोठा वाटतो. तिकडे जालन्यात काळेंनी पाच वेळा निवडून आलेले केंद्रीय राज्यमंत्री रावसाहेब दानवे यांना १,०९,९५८ मतांनी हरवलं. २००९ ला याच दानवेंकडून काळे साडेआठ हजारांच्या आत हरले होते.

मंत्र्याचा खासदार झाला की काय बदलतं?

बरंच काही. एकाच वेळी आमदार आणि खासदार राहता येत नाही. चौदा दिवसांत आमदारकी सोडली नाही, तर खासदारकी जाते. म्हणून २०२४ मध्ये पैठणची आमदारकी रिकामी झाली. विधानसभेची मुदत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपत होती आणि वर्षापेक्षा कमी मुदत उरली असली की पोटनिवडणूक घेणं बंधनकारक नसतं. थोडक्यात, विधानसभेची निवडणूक होईपर्यंत मुंबईत पाचोडचा माणूस नव्हता आणि दिल्लीत पाचोडचा माणूस आहे, पण तो पाचोडचा प्रतिनिधी नाही!

दुसरं म्हणजे, मंत्री सही करतो आणि खासदार प्रश्न विचारतो. मुंबईत फाइल टेबलावर यायची. दिल्लीत ५४३ जणांत उभं राहून वेळ मागावा लागतो.

तिसरी गोष्ट निधीची. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. ऐकायला मोठा, पण तो सहा विधानसभा मतदारसंघांत वाटायचा असतो. मतदारसंघाबाहेरच्या कामाला त्यातली मर्यादित रक्कमच देता येते. त्यामुळे 'आपला माणूस आहे, गावात सभागृह बांधून देईल' एवढीच अपेक्षा असेल, तर निराशा ठरलेली. खासदाराचं मोजमाप सभामंडप आणि हायमास्ट दिव्यांवर करायचं नसतं.

मग कशावर करायचं?

संसदेत काय केलं यावर. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ला सुरू होतो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतो आणि उपप्रश्नही विचारता येतो. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. एका दिवसासाठी एका खासदाराला जास्तीत जास्त ५ प्रश्नांची सूचना देता येते. कोणते प्रश्न लागणार ते सोडतीने ठरतं. शिवाय तातडीच्या विषयासाठी शून्य प्रहर आहे, नियम ३७७ खाली मतदारसंघाचा मुद्दा मांडता येतो आणि खासगी विधेयकही आणता येतं. भाषेची अडचणही नाही. आधी कळवलं तर मराठीत बोलता येतं, भाषांतराची सोय होते.

आता हे पाचोडला जोडून बघा. इथला मोसंबीचा बाजार प्रसिद्ध आहे. फळांची निर्यात, आयात शुल्क, पीकविम्याचे नियम हे दिल्लीचे विषय. गावाजवळून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग राष्ट्रीय, म्हणजे तोही दिल्लीचा. 'मनरेगा'ची मजुरी केंद्र ठरवत आलंय. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये ती दिवसाला २९७ रुपये होती. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली आणि २००५ मध्ये संसदेने तसा कायदा देशासाठी केला. ज्याने साडेचार वर्षांत बहुतेक काळ हेच खातं सांभाळलं, फलोत्पादनही पाहिलं, तो माणूस आता संसदेत बसतोय. 'मजुरी एवढीच का?' हे त्याने नाही विचारायचं तर कोणी?

त्यात आणखी एक मुद्दा. मराठवाड्यात लोकसभेच्या आठ जागा आहेत. त्यातल्या सात महाविकास आघाडीने जिंकल्या. सत्ताधारी बाजूचे एकटे भुमरेच. सत्तेतल्या खासदाराला मंत्र्यांची दारं लवकर उघडतात, पण सरकारला अडचणीचा प्रश्न विचारताना तोच कचरतो. विरोधी बाकावरच्या काळेंचं उलटं. आवाज चढवायला मोकळे, पण काम करून घ्यायला जोर लावावा लागणार. पाचोडला दोन्ही माणसं उपयोगी आहेत. कारण निधीला हद्द असते, प्रश्नाला नसते. जालन्याचा खासदार असो की औरंगाबादचा, पाचोडच्या मोसंबीवर दोघंही बोलू शकतात.

तुम्ही काय करू शकता?

२०२४ मध्ये संसदेचं बजेट अधिवेशन २२ जुलैला सुरू झालं. नव्या खासदारांचं पहिलं अधिवेशन त्याआधी २४ जूनला सुरू झालं होतं, पण ते शपथ, अध्यक्षांची निवड आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणातच गेलं. खरी परीक्षा त्यानंतरची.

लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने शोधलं, की त्याने विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं दिसतात. हजेरी आणि चर्चांतला सहभागही बघता येतो. मोबाईलवर दहा मिनिटांचं काम. कॉलेजात चार जणांनी मिळून दर अधिवेशनानंतर दोन्ही खासदारांचा असा हिशोब फळ्यावर लिहिला तरी पुरे. प्रश्न नुसते मोजू नका, वाचा. वीस प्रश्नांत मोसंबी, महामार्ग, मजुरी किती वेळा आली, ते बघा.

आणि प्रश्न सुचत असेल तर पाठवाही. नेमका, एका विषयावरचा, आकड्यासह. 'विकास करा' असं लिहिलं तर प्रश्न होत नाही. 'अमुक रस्त्याचं काम मंजूर कधी झालं, किती पैसे खर्च झाले आणि ते का रखडलं?' असं लिहिलं तर होतो. सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून उशीर करू नका.

निवेदनावर नाव लिहिताना मात्र नीट बघा. गाव पाचोड असेल, तर आधी जालन्याचा पत्ता.